निजलेल्यांचा जागल्या

जुन्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक गावकामगार असे. गाव निजले की त्याचे काम सुरू होई. हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि अधूनमधून एक हाळी, एवढ्या भांडवलावर तो साऱ्या गावाची रात्र अंगावर घेई. सकाळी गाव उठले की त्याची आठवण कोणाला राहत नसे; रात्री चोरी झाली असेल तरच त्याला चावडीवर बोलावणे येई. गावगाडा मोडला आणि जागल्याही इतिहासजमा झाला. परंतु गेल्या अर्धशतकात मोठ्या रुग्णालयांतून त्याच्याच कुळीचा एक नवा कर्मचारी उदयास आला आहे. तोही लोक निजल्यावर कामाला लागतो, रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसतो आणि उजाडताच विस्मरणात जातो. ‘स्लीप टेक्नॉलॉजिस्ट’ हे त्याचे नाव. मराठीत त्याला निद्रातंत्रज्ञ म्हणता येईल; पण हा शब्द अजून कोणाच्या तोंडी रुळलेला नाही, कारण हा माणूसच अजून फारसा कोणाला ठाऊक नाही.

क्ष-किरण काढणारा सर्वांना माहीत असतो, रक्त तपासणारा तर परिचयाचाच असतो. निद्रातंत्रज्ञाला मात्र आपला व्यवसाय सांगताना दरवेळी प्रस्तावना करावी लागते. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘रात्रभर झोपलेली माणसे पाहतो’ असे उत्तर दिले, तर चांगले स्थळ हातचे जायचे. विनोदाचा भाग सोडला तरी वस्तुस्थिती ही, की एका रात्रीच्या त्याच्या निरीक्षणावर रुग्णाचे निदान, त्याचे पुढील उपचार आणि पुष्कळदा त्याचे आयुष्यही अवलंबून असते. एवढ्या जबाबदारीचे काम करणारा माणूस इतका अनामिक का राहावा, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो करतो काय, हे पाहणे इष्ट ठरेल.

रात्री आठ-साडेआठच्या सुमारास रुग्ण निद्रा-प्रयोगशाळेत येतो. प्रयोगशाळा म्हणायची, पण खोली साध्या लॉजसारखी असते: एक पलंग, एक दिवा, जाड पडदे आणि छताच्या कोपऱ्यात अंधारातही पाहू शकणारा एक कॅमेरा. रुग्णाला आधीच बजावलेले असते की दुपारनंतर चहा-कॉफी घ्यायची नाही, दिवसा लवंडायचे नाही आणि डोक्याला तेल लावायचे नाही. यातली तिसरी अट आपल्याकडे सहज मोडते. झोप चांगली लागावी म्हणून टाळूवर तेल थापणे हा घरोघरचा उपाय; आणि तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड टिकत नाही. तेव्हा तंत्रज्ञाच्या विद्येचा प्रारंभ पुष्कळदा केसांतले खोबरेल पुसण्यापासून होतो.

त्यानंतर तो टेप घेऊन डोके मोजतो. नाकाच्या मुळाशी असलेल्या खोबणीपासून मागे कवटीवर बोटाला लागणाऱ्या उंचवट्यापर्यंत, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. या अंतरांच्या दहा आणि वीस टक्क्यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या. ही पद्धत १९५८ साली कॅनडातील मेंदूतज्ज्ञ हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडली आणि आजही जगभर तीच रूढ आहे. शिंप्याने कापड बेतावे तसे डोके बेतून झाले, की एकेका खुणेवर त्वचा हलकेच घासून तेथे चिकट मलमाने इलेक्ट्रोड बसवतात. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी दोन, हनुवटीवर, छातीवर, दोन्ही नडग्यांच्या स्नायूंवर आणखी काही. नाकपुड्यांशी श्वासाचा दाब मोजणारी नळी आणि उष्णता ओळखणारी तार. छातीला व पोटाला एकेक पट्टा. घोरणे टिपणारा लहानसा मायक्रोफोन. आणि बोटाला रक्तातला प्राणवायू दाखवणारी चिमटी. या चिमटीमागचे तत्त्व जपानमधील टाकुओ आओयागी यांनी १९७४ साली जगापुढे मांडले. करोनाच्या साथीत तीच चिमटी घरोघर पोहोचली.

वीस-पंचवीस तारांनी जखडलेला रुग्ण आरशात स्वतःचे ध्यान पाहतो आणि हमखास म्हणतो, ‘‘अरे बाळा, आता झोप कशी लागणार?’’ तंत्रज्ञाचे उत्तर ठरलेले असते, ‘‘काका, सगळ्यांना लागते.’’ आणि खरोखरच बहुतेकांना ती लागते. अर्थात घरच्यासारखी नव्हे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ होते, हे शास्त्रालाही ठाऊक आहे आणि मुलीच्या सासरी प्रथमच मुक्कामाला गेलेल्या माणसालाही.

दिवा मालवण्यापूर्वी शेजारच्या खोलीतून सूचना येतात. डोळे उघडा, आता मिटा, मान न हलवता डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, पाच वेळा पापण्या मिचकवा, घोरल्यासारखा आवाज काढा, पाय हलवा, श्वास धरून ठेवा. रुग्णाला ही पोरखेळासारखी कवायत वाटते. परंतु कोणती तार खरे बोलते आणि कोणती खोटे, याची ती परीक्षा असते. मग दिवा जातो आणि तंत्रज्ञ पडद्यासमोर बसतो.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या पडद्यापुढे सोंग टिकत नाही. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत, विशेषतः डोक्याच्या मागल्या भागात, सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची एक लयबद्ध लहर दिसते. झोपेच्या उंबरठ्यावर ती विरते आणि तिच्या जागी संथ लहरी येतात. पुढे सुताच्या चातीसारखे दिसणारे लहरींचे लहानसे पुंजके, मग मोठमोठ्या संथ लाटा, आणि सुमारे दीड तासाने एकाएकी निराळाच देखावा: मेंदू जाग्यासारखा, हनुवटीची रेषा सपाट आणि बुबुळे पापण्यांखाली वेगाने भिरभिरणारी. ही स्वप्नांची झोप. याच पडद्यावर एक उलटा प्रकारही उघडकीस येतो. ‘गेली दोन वर्षे माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही’ असे कळवळून सांगणारा माणूस येथे सहा-सहा तास झोपलेला आढळतो आणि सकाळी विचारले तर ‘रात्रभर जागाच होतो’ असे प्रामाणिकपणे सांगतो. त्याला खोटे ठरवून भागत नाही. त्याचे दुःख खरे असते. फक्त त्याचे कारण वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

मध्यरात्रीनंतर

या व्यवसायाची खरी कसोटी मध्यरात्रीनंतर लागते. पलंगावरचा माणूस जोरात घोरत असतो. मग घोरणे अकस्मात थांबते. घरी असे झाले तर शेजारचा माणूस ‘सुटलो’ म्हणून कूस बदलतो. येथे पडद्यावर दिसते ते असे: नाकाची रेषा सपाट झाली आहे, म्हणजे हवा आत जात नाही, मात्र छातीचा व पोटाचा पट्टा हलतो आहे, आणि तोही उलटसुलट, एक वर तर दुसरा खाली. झोपेत सैल पडलेली जीभ व टाळू यांनी घसा बंद केला आहे आणि बंद दारावर धडका माराव्यात तसा श्वासपटल आत खेचतो आहे. दहा सेकंद, वीस, चाळीस. रक्तातील प्राणवायूचा आकडा ९५ वरून ८८ वर, ८८ वरून ८० वर येतो. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, एक मोठा आचका, घरघर, आणि पुन्हा घोरणे. रुग्णाला याचा पत्ताही नसतो. हेच तासाला तीस-चाळीस वेळा, रात्रभर.

निदानाच्या रात्री तंत्रज्ञाने हे नुसते पाहायचे असते. उठून जाऊन त्या माणसाला हलवावे, ही कोणाचीही पहिली ऊर्मी. पण ती आवरणे हेच येथे कर्तव्य, कारण जे घरी रोज घडते ते जसेच्या तसे नोंदले गेले पाहिजे. हृदयाची लय बिघडली, झटका आला किंवा नियमावलीतील धोक्याची रेषा ओलांडली गेली, तर मात्र तोच प्रथम धावतो. कोठवर थांबायचे आणि केव्हा उठायचे, हा निर्णय रात्री तीन वाजता, मनुष्याची स्वतःची बुद्धी सर्वांत मंद असते अशा वेळी, त्याला घ्यावा लागतो. केवळ बटणे दाबणारा माणूस हे काम करू शकेल असे ज्यांना वाटते त्यांनी एक रात्र त्या खुर्चीवर काढून पाहावी.

सकाळी सहाच्या सुमारास तो तारा सोडवतो. केसांत मलमाचे गोळे घेऊन बसलेला रुग्ण विचारतो, ‘‘काय रे, काही निघालं का?’’ ‘‘डॉक्टर सांगतील, काका.’’ निदान सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याने त्या माणसाचा श्वास तीनशे वेळा थांबताना पाहिला त्याला चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता हे चार शब्द उच्चारावे लागतात.

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर त्याचा पाया अशाच जागरणांवर उभा असल्याचे दिसून येते. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली त्या प्रसिद्ध केल्या. तथापि झोप म्हणजे मेंदूची विश्रांती, तीत पाहण्यासारखे काय असणार, ही समजूत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. शिकागो विद्यापीठात नेथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने एक जुनाट यंत्र दुरुस्त करून आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, त्याला जोडले आणि रात्रभर कागदावर नजर ठेवली. निजलेल्या पोराचे डोळे मध्येच वेगाने हलू लागत. यंत्र बिघडले असेल ही शंका त्याने प्रथम घेतली, आणि ती खोटी ठरल्यावर १९५३ साली स्वप्ननिद्रेचा शोध जगापुढे आला. आपल्या उपनिषदांनी जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्था वेगळ्या मानल्या होत्या. त्या वेगळेपणाची कागदावरची खूण हाती यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

त्या काळचे तंत्रज्ञ म्हणजे हेच जागणारे विद्यार्थी. त्यांच्यापैकीच एक विल्यम डिमेंट यांनी पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० साली निद्राविकारांचे चिकित्सालय उभारले. झोपेच्या पायऱ्या कशा मोजाव्यात याची सर्वमान्य नियमावली रेक्टशाफेन आणि केल्स यांच्या संपादनाखाली १९६८ साली निघाली होती. रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला एक नाव द्यायचे. सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने आठ तास कागद सरकला तर तो २८८ मीटर होतो आणि तुकडे होतात ९६०. शाईच्या लेखण्यांनी रेखलेला तो कागदाचा ढिगारा पान पान उलटून वाचणारा स्वतंत्र माणूस आवश्यक ठरला. १९७८ साली अमेरिकेत अशा तंत्रज्ञांची संघटना स्थापन झाली, त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या जागरणाचा व्यवसाय बनला. आता कागद जाऊन पडदा आला आहे, नियमावलीही २००७ साली नवी झाली. परंतु तीस सेकंदांचा तुकडा तसाच राहिला आहे. कागदाच्या पानाची रुंदी अशी अदृश्य रूपाने संगणकात नांदते आहे.

घोरण्याची थट्टा

झोपेतील श्वासरोधाची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ मधील कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ नोकर आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला सव्वाशे वर्षे हसत आले. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचे वर्णन करताना त्या विकाराला पिकविकचे नाव दिले, तेव्हा कोठे थट्टेचे रूपांतर रोगात झाले. आणि झोपेत घसा बंद पडून श्वास थांबतो, हे तर फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी १९६५ साली, रात्रभर नोंदी घेऊन, स्वतंत्रपणे दाखवून दिले. नवऱ्याचा श्वास झोपेत थांबतो हे बायकांना युगानुयुगे माहीत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच.

आपल्याकडे थट्टा अजून संपलेली नाही. घोरणे म्हणजे गाढ झोपेचे लक्षण आणि गाढ झोप म्हणजे निर्मळ मनाचे, हे समीकरण घट्ट बसलेले आहे. दुपारी फायलीवर पेंगणारा कारकून कामचुकार ठरतो. शिक्षकांच्या खोलीत डुलकी घेणाऱ्या मास्तरांना मुले टोपणनाव देतात. त्यांच्यापैकी काहींना रात्री श्वासच घेता येत नसेल, ही शक्यता साहेबाच्या किंवा मुख्याध्यापकाच्या मनाला शिवत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा बिघाड आढळला आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार होता. ही माणसे रुग्ण म्हणून आलेली नव्हती. नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेली होती. रक्तदाब, पक्षाघात, हृदयाची बिघडलेली लय आणि वाहन चालवताना लागणारी डुलकी यांच्याशी या विकाराचा संबंध आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले आणि काही दिवस वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. मग ती ओसरली.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. प्रयोगशाळेत येणाऱ्यांत पुरुष अधिक दिसतात. हा विकार पुरुषांत अधिक असतो हे खरेच. परंतु पुरुषांना आणणाऱ्या बहुधा त्यांच्या बायका असतात. बायकोचा श्वास थांबतो हे सांगायला नवरा जागा असावा लागतो. शिवाय थकवा, डोकेदुखी, रात्री वारंवार जाग अशा तिच्या तक्रारी घरच्या कामाच्या किंवा वयाच्या खात्यावर सहज टाकता येतात. आणि एक रात्र रुग्णालयात झोपायला जायचे म्हणजे घरातल्या चार माणसांच्या सकाळच्या डब्याचा प्रश्न उभा राहतो.

निद्रातंत्रज्ञाच्या नोकरीत आनंदाची एक जागा आहे, ती उपचाराच्या रात्री सापडते. १९८१ पूर्वी या विकाराच्या तीव्र रुग्णाला एकच खात्रीचा इलाज होता: श्वासनलिकेला गळ्यातून छिद्र पाडायचे, दिवसा ते बुचाने बंद ठेवायचे आणि रात्री उघडायचे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी हवेचा मंद, अखंड झोत नाकावाटे सोडून घसा उघडा ठेवता येतो हे त्या वर्षी दाखवले. पहिल्या यंत्राला मोटार होती ती घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची. हेच आजचे ‘सीपॅप’. या झोताचा दाब किती असावा हे प्रत्येक माणसाचे वेगळे असते आणि ते ठरवण्याचे काम तंत्रज्ञाचे. पाण्याच्या चार सेंटिमीटर उंचीइतक्या दाबापासून आरंभ करायचा, पाच-पाच मिनिटे थांबून एकेका सेंटिमीटरने चढायचे. मुखवटा गळतो का पाहायचे, उताणे आणि कुशीवर काय होते ते पाहायचे, स्वप्ननिद्रेत काय होते ते पाहायचे. मग एका क्षणी नाकाची रेषा सुरळीत होते, प्राणवायूचा आकडा ९६ वर स्थिर राहतो, घोरणे थांबते आणि वर्षानुवर्षांची थकबाकी वसूल करावी तशी लांबच लांब स्वप्ननिद्रा सुरू होते. सकाळी तो माणूस उठतो तो बरेचदा निराळ्याच चेहऱ्याने. त्या दिवशी मात्र तंत्रज्ञाला काही लपवावे लागत नाही.

मुखवट्याची भीती घालवण्याचे कामही त्याचेच. यंत्र विकत घेऊन चौथ्या दिवशी कपाटात ठेवणाऱ्यांची संख्या लहान नसते. नाकावर काही बांधून झोपणे प्रथमदर्शनी गुदमरवणारे वाटते. त्यात ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता. अर्धा तास शेजारी बसून, मुखवटा हातात देऊन, आधी जागेपणी लावून दाखवणारा तंत्रज्ञ भेटला तर यंत्र वापरात राहते. ही अर्ध्या तासाची शिकवणी रुग्णालयाच्या बिलात कोठेच दिसत नाही, म्हणून ती सर्वांत आधी कापली जाते.

त्याची स्वतःची झोप

ज्याच्या कष्टाने दुसऱ्याची झोप सुधारते, त्याची स्वतःची झोप मात्र कोणाच्या हिशेबात नसते. शरीरातील दिवस-रात्रीचे घड्याळ पेशीपेशींत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या घड्याळाला विस्कटणारी पाळीची नोकरी २००७ साली ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातली आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तो निर्णय कायम केला. परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी, पोलिस, गिरण्यांतून एकेकाळी राबलेले कामगार, या साऱ्यांचा हा प्रश्न आहे. परंतु निद्रातंत्रज्ञाच्या बाबतीत त्याला एक उपहासाची धार चढते, कारण ज्या खोलीत तो जागतो त्याच खोलीच्या भिंतीवर ‘रोज सात-आठ तास झोपा’ असा फलक लावलेला असतो. सकाळी सातला सुटून तो उलट्या दिशेच्या लोकलने घरी पोहोचतो तेव्हा चाळीत कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला आणि शाळेची रिक्षा यांची वेळ झालेली असते. दुपारी बारापर्यंत मिळेल ती त्याची रात्र. पुष्कळ ठिकाणी एवढीही मिळत नाही. रात्रीचे तुकडे वाचून अहवाल तयार करण्यासाठी त्यालाच सकाळी थांबवून घेतले जाते. एका तंत्रज्ञाकडे साधारणतः दोन रुग्ण असावेत हा संकेत आहे. माणसे कमी पडली की तोही शिथिल होतो.

जून २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर निजलेल्या जमावावर मध्यरात्री झालेल्या पोलिस कारवाईचा निवाडा करताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये झोप ही जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानली. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात झोपेला अशी जागा मिळाली. ही जागा रुग्णालयाच्या ड्युटीच्या तक्त्यापर्यंत अद्याप आलेली दिसत नाही.

मान्यतेच्या बाबतीत परिस्थिती काहीशी सुधारते आहे. आपल्याकडे या व्यवसायात आलेली पुष्कळ माणसे मेंदूलेख किंवा श्वसनविभागातून सरकत आली आणि हाताखाली काम करता करता शिकली. काहींनी अमेरिकन परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवले. बहुतेकांना ती फी परवडण्यासारखी नसते. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मेंदूलेख तंत्रज्ञांच्या जोडीने निद्रा-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे नाव आले. किमान दोन हजार तासांचे शिक्षण, राज्य परिषद, नोंदवही, अशी रचना त्यात आहे. परंतु अनेक राज्यांनी परिषदा स्थापन करण्यात इतकी दिरंगाई केली, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून देण्याची वेळ आली. नोंदवही ही निव्वळ प्रतिष्ठेची बाब नव्हे. आज कोणीही चार तारा लावून ‘स्लीप स्टडी’ची पाटी लावू शकतो, आणि त्या तारा नीट लागल्या होत्या की नाही हे रुग्णाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

यावर एक उत्तर असे दिले जाते, की हा व्यवसायच आता फार दिवस टिकणार नाही. रुग्णाने घरी झोपावे, मनगटावर किंवा बोटावर लहानसे यंत्र बांधावे, आणि संगणकाने रात्रीचे वाचन करावे. हा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊ नाही. निद्रा-प्रयोगशाळा मोठ्या शहरांतून एकवटल्या आहेत. गडचिरोलीच्या किंवा संगमेश्वरच्या माणसाने एका रात्रीसाठी पुण्या-मुंबईला यावे ही अपेक्षा क्रूर आहे. ज्याची लक्षणे स्पष्ट आहेत आणि ज्याला अन्य मोठा आजार नाही, त्याला घरची तपासणी पुरेशी ठरते. वर उल्लेखलेल्या मुंबईच्या पाहणीतील तपासण्याही घरीच झाल्या होत्या. परंतु घरच्या बहुतेक यंत्रांना मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. माणूस प्रत्यक्ष किती झोपला हे न कळल्याने जागेपणीचे तासही हिशेबात धरले जातात आणि आजार आहे त्याहून सौम्य भासतो. रात्री दोन वाजता नळी नाकातून निसटली तर ती परत बसवायला कोणी नसते. आणि काही विकार असे आहेत की ते पाहावेच लागतात. स्वप्नात मारामारी करताना खरोखरच हातपाय झाडणाऱ्या रुग्णांचे वर्णन अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९८६ साली झाले; अशांपैकी अनेकांना पुढे कंपवात होतो, असे नंतर दिसून आले. ती धडपड मनगटी यंत्राला नुसती हालचाल वाटते. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला तिचा अर्थ लागतो.

संगणकाच्या वाचनाबद्दल बोलताना माणसाच्या वाचनाबद्दलही प्रामाणिक असले पाहिजे. अडीच हजारांवर वाचकांना तेच तुकडे वाचायला देऊन केलेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सरासरी ८२.६ टक्के एकमत आढळले. जागृती आणि झोप यांच्या सीमेवरील पहिल्या पायरीबाबत तर ते ६३ टक्क्यांवर आले. म्हणजे माणूसही अचूक नाही. तेव्हा संगणकाने कंटाळवाणा भाग उरकावा आणि अनुभवी तंत्रज्ञाने शंकास्थळे तपासावीत, ही वाटणी उभयतांच्या हिताची आहे, रुग्णाच्या तर आहेच. त्यातून तंत्रज्ञाचे सकाळचे तास मोकळे झाले तर ते मुखवट्याच्या शिकवणीला द्यावेत, तालुक्याच्या ठिकाणी घरगुती यंत्रे कशी लावावीत हे परिचारिकांना शिकवण्याला द्यावेत. तंत्रज्ञांची संख्या कमी करण्याचे निमित्त म्हणून ते वापरले जाऊ नयेत.

निद्रा-तपासणीच्या अहवालाच्या शेवटी डॉक्टरांची सही असते. तारा कोणी लावल्या, रात्री कोण बसले होते आणि तुकडे कोणी वाचले, याच्या नोंदीसाठी चांगल्या प्रयोगशाळांतून वेगळी ओळ छापलेली असते. इतरत्र ती नसते. ती ओळ घालायला आणि रात्रपाळीनंतरच्या सकाळी तंत्रज्ञाला वेळेवर घरी सोडायला कोणत्याही राज्य परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही.